गार्डनडेलची वेगळी चूल: एका शाळा-सीमेचं प्रकरण

अमेरिकेत घर घ्यायला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, "स्कूल डिस्ट्रिक्ट कुठलं?" रस्ता, शेजार, ऑफिसचं अंतर हे सगळं त्यानंतर. डिस्ट्रिक्टला दहापैकी नऊ गुण असले की त्या हद्दीतलं लहान घरसुद्धा जास्त पैसे मोजून घेतलं जातं. मुलांसाठीच सगळं चाललेलं असतं, त्यात चूक शोधण्यासारखं काही नाही. पण ती हद्द तिथेच का आहे, कोणी आखली, आणि पलीकडे कोण राहिलं, हे विचारायचं मनात येत नाही. नदी-डोंगरासारखी ती मुळातलीच असावी असं आपण धरून चालतो.

ती मुळातली नसते. अलाबामा राज्यातल्या गार्डनडेल गावाने अशी हद्द नव्याने आखायला घेतली होती, आणि ती का आखायची आहे हे गावकऱ्यांनीच लिहून ठेवलं. म्हणून हे प्रकरण अभ्यासाला घेतलं आहे. ठिकाणं, खटला आणि न्यायाधीश सार्वजनिक नोंदीतले आहेत. चळवळीतल्या पालकांची नावं मुद्दाम गाळली आहेत. त्यांच्यासारखे पालक पुष्कळ गावांत सापडतील.

पार्श्वभूमी

आधी व्यवस्था समजून घेऊ. आपल्याकडे सरकारी शाळा जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या असतात. अमेरिकेतलं स्कूल डिस्ट्रिक्ट हे बहुतेक ठिकाणी स्वतंत्र स्थानिक शासनच असतं. त्याचं स्वतःचं मंडळ, स्वतःचा अधीक्षक, आणि स्थानिक मालमत्ता करातून येणारा स्वतःचा पैसा. मूल कुठल्या शाळेत जाणार हे घराच्या पत्त्यावर ठरतं. म्हणजे एका रेषेने दोन गोष्टी एकदम ठरतात: कोणाचा पैसा कोणाच्या शाळेवर खर्च होणार, आणि कोणाचं मूल कोणाच्या मुलाशेजारी बसणार.

१९४० च्या सुमारास अमेरिकेत अशी सुमारे १ लाख १७ हजार डिस्ट्रिक्ट होती. एकाच खोलीच्या, एकाच शिक्षकाच्या शाळा बंद होत गेल्या, डिस्ट्रिक्ट एकमेकांत विलीन होत गेली, आणि आज ती १३ हजारांच्या आसपास आहेत. हिशेबाने हे बरोबरच होतं. मोठ्या डिस्ट्रिक्टला बस, इमारत, विज्ञानाची प्रयोगशाळा, विशेष गरजांच्या मुलांसाठी शिक्षक, हे सगळं स्वस्तात पडतं. मग काही ठिकाणी लोक लहानच का राहतात, किंवा असलेल्या मोठ्यातून फुटून का निघतात?

अल्बर्टो अलेसिना, रझा बाकिर आणि कॅरोलाइन हॉक्सबी या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली काउंट्यांची (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) आकडेवारी घेऊन याचं उत्तर शोधलं. एकत्र राहण्यातली बचत सोडून देऊन लोक वेगळे होतात, आणि त्यामागे वर्णातली विविधता हे ठळक कारण दिसतं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. उत्पन्नातल्या तफावतीचाही परिणाम दिसला. धर्म किंवा मूळ देश यांतल्या फरकाचा मात्र फारसा दिसला नाही. म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, इटालियन आणि पोलिश एका डिस्ट्रिक्टमध्ये नांदले. काळे आणि गोरे एका काउंटीत आले की तिथे हद्दी वाढल्या.

आता गाव. अलाबामातली जेफरसन काउंटी म्हणजे बर्मिंगहॅम शहराचा परिसर. १९६३ च्या मे महिन्यात शाळकरी मुलांच्या मोर्चावर जिथे पाण्याचे बंब आणि पोलिसी कुत्रे सोडले गेले, आणि त्याच सप्टेंबरात सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमधल्या स्फोटात चार मुली मारल्या गेल्या, तेच हे बर्मिंगहॅम. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेत गोऱ्या आणि 'रंगीत' मुलांसाठी वेगळ्या शाळा असाव्यात असं कलमच होतं. १९५४ साली ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तरी राज्यघटनेतले ते शब्द काढण्याचा प्रस्ताव मतदारांनी २००४ आणि २०१२ अशा दोन्ही वेळा फेटाळला. ते शब्द गेले २०२२ साली.

ब्राउन निकालाला अकरा वर्षं उलटली तरी जेफरसन काउंटीच्या शाळा वेगळ्याच होत्या. १९६५ साली कृष्णवर्णीय पालकांनी काउंटीच्या शाळा मंडळावर खटला भरला. 'स्टाउट विरुद्ध जेफरसन काउंटी शिक्षण मंडळ' हा तो खटला. १९७१ साली न्यायालयाने काउंटीतल्या शाळा खऱ्या अर्थाने एकत्र करण्याचा आदेश दिला. त्या आदेशामुळे नॉर्थ स्मिथफिल्ड या कृष्णवर्णीय वस्तीतली मुलं बसने गार्डनडेलच्या शाळांत येऊ लागली. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं ही बस चालू होती. वस्तीतल्या आज्या, आया आणि नाती, तिघींची शाळा गार्डनडेल.

आदेशाची चाहूल लागली तशा त्याच सुमारास काउंटीत वेगळ्या चुली मांडल्या जाऊ लागल्या. माउंटन ब्रुक १९५९ मध्येच बाहेर पडलं होतं. १९७० च्या आसपास होमवुड, व्हेस्टाविया हिल्स, मिडफिल्ड, प्लेझंट ग्रोव्ह यांनी आपापली डिस्ट्रिक्ट काढली. अपील न्यायालयाने १९७१ मध्ये बजावलं की एकत्रीकरणाला खीळ घालणारं फुटीर डिस्ट्रिक्ट मान्य केलं जाणार नाही. प्लेझंट ग्रोव्हने कृष्णवर्णीय मुलांना आणण्याच्या बसव्यवस्थेत टाळाटाळ केली, तेव्हा न्यायालयाने त्याच्या शाळा काउंटीकडे परत दिल्या. तरीही वाट बंद झाली नाही. १९८८ मध्ये हूवर, २००३ मध्ये लीड्स, २००५ मध्ये ट्रसव्हिल फुटून निघाले.

शेताचा बांध कोरणारा शेजारी दर वर्षी वीतभरच कोरतो, आणि तक्रार करायला गेलं तर वीतभर जमिनीसाठी कशाला भांडता असं ऐकावं लागतं. इथे तसंच झालं. प्रत्येक फुटीच्या वेळी फरक थोडाच होता. पण २००० साली काउंटी डिस्ट्रिक्टमध्ये गोऱ्या मुलांचं स्पष्ट बहुमत होतं. २०१५ च्या सुमारास सुमारे ३६ हजार मुलांत कृष्णवर्णीय मुलं निम्म्याच्या जवळ आली होती आणि गोरी त्यांच्याहून कमी झाली होती.

प्रश्न उभा राहिला तो असा

गार्डनडेल हे बर्मिंगहॅमच्या उत्तरेला महामार्गालगतचं, सुमारे १४ हजार वस्तीचं गाव. दर शंभरात पंच्याऐंशीच्या आसपास गोरे. गावात काउंटीच्या चार शाळा: दोन प्राथमिक, एक माध्यमिक, एक हायस्कूल. हायस्कूलची इमारत २०१० मध्ये उभी राहिली. पाच कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला, आणि तो सगळ्या काउंटीच्या पैशातून झाला. तंत्रशिक्षणाची सोय असलेल्या या शाळेत आजूबाजूच्या गावांतलीही मुलं येत होती. म्हणजे गावाच्या इतर जागांपेक्षा गावच्या शाळांत रंगांची सरमिसळ अधिक होती.

२०१२ मध्ये काही पालकांनी फेसबुकवर गट काढला. मागणी एका ओळीची होती: गार्डनडेलचं स्वतःचं डिस्ट्रिक्ट हवं. अलाबामात पाच हजारांहून जास्त वस्तीच्या गावाला तो अधिकार आहे. वर सांगितली जाणारी कारणं कोणालाही पटावीत अशी होती. काउंटी मंडळ फार मोठं, दूरचं. आपल्या कराचा पैसा आपल्या मुलांवर खर्च व्हावा. मुख्याध्यापक कोण असावा हे आपण ठरवावं.

पण गटात बोलताना लोक मोकळे होते. आपल्या खेळांच्या कार्यक्रमांत आणि चर्चमध्ये डोकावलं की आपलं गाव दिसतं, आपल्या शाळांत डोकावलं की काहीतरी निराळंच दिसतं, अशा अर्थाचं एकाने लिहिलं. बाहेरून येणाऱ्या मुलांबद्दल तक्रारी होत्या. आपण हे केलं नाही तर आपलं सेंटर पॉइंट होईल, ही भीती पुन्हा पुन्हा येत होती. सेंटर पॉइंट म्हणजे जवळचंच गाव. काही दशकांत गोऱ्या बहुसंख्येचं ते कृष्णवर्णीय बहुसंख्येचं झालं होतं. नाव घेतलं की पुढचं सांगावं लागत नव्हतं.

कराच्या मतदानाआधी एक पत्रक निघालं. त्यावर एका लहान गोऱ्या मुलीचं चित्र, आणि प्रश्न: गार्डनडेल कुठली वाट निवडणार? खाली गावांच्या दोन याद्या. एकीत स्वतःचं डिस्ट्रिक्ट न काढलेली, सेंटर पॉइंटसारखी गावं. दुसरीत होमवुड, हूवर, व्हेस्टाविया, ट्रसव्हिल, राहायला उत्तम म्हणून गणली जाणारी. वर्ण हा शब्द पत्रकावर कुठेच नव्हता. पण काउंटीत राहणाऱ्या माणसाला दोन याद्यांतला फरक समजायला त्याची गरजही नव्हती. पुढे न्यायालयात हे पत्रक महत्त्वाचा पुरावा ठरलं.

समोरचे पर्याय

गावापुढे निदान तीन वाटा होत्या. पहिली, काउंटीतच राहून काउंटी मंडळाकडून हवं ते मागायचं. दुसरी, वेगळं व्हायचं, पण १९७१ च्या आदेशाने गावच्या शाळांशी जोडलेल्या मुलांना कायमचं सोबत घेऊन. तिसरी, गावच्या हद्दीइतकंच डिस्ट्रिक्ट करायचं आणि बाहेरच्या मुलांना हळूहळू कमी करत न्यायचं.

गावाचा सुरुवातीचा आराखडा तिसऱ्या वाटेने जाणारा होता. गावात नवी शाळा बांधायची, तिचा खर्च सोसायचा, असा विचार नव्हता. असलेल्या चारही शाळा, काउंटीच्या पैशातलं नवं हायस्कूलसुद्धा, आपल्याला मिळावं अशी मागणी होती. नॉर्थ स्मिथफिल्डच्या मुलांना आराखड्यात पक्की जागा मिळाली ती नंतर, न्यायालयाची मान्यता लागणार हे दिसल्यावर. आणि ती जागा देतानाही त्या वस्तीतल्या आईबापांशी आधी बोलणं झालं नाही. माझ्या मते या प्रकरणातला पहिला खरा निर्णयबिंदू हाच. दुसऱ्या पर्यायाचा प्रामाणिक विचार २०१२ मध्ये झाला असता, तर पुढची सहा वर्षं वेगळी गेली असती. ज्यांच्या मुलांची शाळा बदलणार होती, ते सुरुवातीच्या बैठकांना असायला हवे होते.

काउंटीपुढेही पर्याय होते. लीड्स, ट्रसव्हिलच्या वेळी झालं तसं वाटाघाटी करून मान्यता द्यायची, किंवा या वेळी अडून बसायचं. काउंटीने विरोध केला. हायस्कूल गेलं तर आसपासच्या गावांतल्या मुलांची सोय कुठे करायची, हा तिचा रोकडा प्रश्न होता.

काय केलं गेलं

२०१३ मध्ये गावाने डिस्ट्रिक्टसाठी मालमत्ता कर वाढवला: पाच मिल नगर परिषदेच्या ठरावाने, आणखी पाच मिल मतदानाने. मिल म्हणजे कराच्या हिशेबातल्या मूल्यावर हजारी एक डॉलर. अलाबामात राहत्या घराच्या बाजारभावाचा दहावा हिस्साच हिशेबात धरतात. म्हणजे दोन लाख डॉलरच्या घराला दहा मिलने वर्षाला साधारण २०० डॉलर जास्त. अमेरिकन गावात करवाढीला मतं मिळवणं सोपं नसतं. इथे लोकांनी ती स्वतःहून दिली. २०१४ मध्ये गावाचं शिक्षण मंडळ नेमलं गेलं, पूर्णवेळ अधीक्षक आला. त्याच्याकडे एकही शाळा नव्हती, एकही विद्यार्थी नव्हता.

शाळा मिळवण्यासाठी गावाला जावं लागलं ते फेडरल म्हणजे केंद्राच्या जिल्हा न्यायालयात, कारण १९६५ चा खटला अजून उघडा होता. काउंटीच्या शाळा न्यायालयाच्या देखरेखीखाली होत्या. स्टाउट खटल्यातल्या कृष्णवर्णीय पालकांच्या बाजूने एन.ए.ए.सी.पी. लीगल डिफेन्स फंड ही कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे खटले लढवणारी संस्था उभी राहिली. त्यांच्या वकिलांत यू. डब्ल्यू. क्लेमन होते. तरुण वकील म्हणून याच काउंटीतल्या वर्णभेदाच्या खटल्यांत त्यांनी काम केलं होतं, पुढे ते अलाबामाचे पहिले कृष्णवर्णीय फेडरल न्यायाधीश झाले, आणि निवृत्तीनंतर पुन्हा वकिलाच्या जागी उभे राहिले. केंद्राच्या न्याय खात्यानेही फुटीला विरोध केला.

कायद्याची कसोटी १९७२ च्या एम्पोरिया खटल्यातली होती. व्हर्जिनियातलं एम्पोरिया शहर एकत्रीकरणाचा आदेश आल्याबरोबर काउंटीतून बाहेर पडू पाहत होतं. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला अडवलं आणि सांगितलं की हेतू काय होता यापेक्षा परिणाम काय होणार ते बघा. ही कसोटी शहाणपणाची आहे. माणसाच्या मनात काय होतं हे सिद्ध करणं अवघड. वर्गात कोण उरलं हे मोजता येतं. मात्र ती लागू होते ती जिथे न्यायालयाची देखरेख चालू आहे तिथेच.

हद्दीला एवढं वजन का, हे कळायला आणखी एक निकाल लागतो. १९७४ साली डेट्रॉइटबद्दलच्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की उपनगरांच्या डिस्ट्रिक्टनी स्वतः वर्णभेद केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय एकत्रीकरणाचा आदेश हद्द ओलांडून त्यांच्यावर लादता येणार नाही. त्या दिवसापासून हद्दीची भिंत झाली. एकाच डिस्ट्रिक्टमधल्या दोन शाळांत मुलं वेगळी पडली तर तक्रारीला जागा आहे. मधून डिस्ट्रिक्टची रेषा गेली की ती जागा जवळजवळ उरत नाही.

जिल्हा न्यायालयाचा निकाल

२४ एप्रिल २०१७ रोजी न्यायाधीश मॅडलिन हाइकाला यांनी १९० पानांचा निकाल दिला. त्यातला इतिहासाचा भाग वाचताना आदर वाटतो. काउंटीतली प्रत्येक फूट, प्रत्येक आदेश त्यांनी क्रमाने मांडला. फेसबुकवरची बोलणी, पत्रक, मंडळाचा आराखडा हे सगळं तपासून त्यांनी दोन गोष्टी नोंदवल्या. एक, या फुटीमागे वर्ण हे प्रेरक कारण होतं. दोन, ती झाली तर काउंटीच्या एकत्रीकरणाला खीळ बसेल. कृष्णवर्णीय मुलांना यातून 'तुम्ही कमी आहात' असा निरोप जातो, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

आणि तरीही त्यांनी गावाला अर्धी परवानगी दिली. दोन प्राथमिक शाळा २०१७-१८ पासून चालवा. तीन वर्षं नीट वागलात तर बाकीच्यांचा विचार करू. मंडळावर निदान एक कृष्णवर्णीय सदस्य नेमा. एकत्रीकरणाचा आराखडा द्या. हायस्कूलवरचा हक्क सोडा किंवा पर्यायी इमारतीसाठी पैसे द्या.

या प्रकरणातला सर्वांत कठीण निर्णयबिंदू हा, म्हणून इथे थोडं थांबतो. न्यायाधीशांची कारणं लहान नव्हती. सगळेच पालक वर्णद्वेषाने पुढे आलेले नाहीत. काहींना खरोखरच शाळेवर जवळून लक्ष हवं होतं. आणि दुसरं, परवानगी साफ नाकारली तर राग निघेल तो गार्डनडेलच्या शाळांत बसलेल्या कृष्णवर्णीय मुलांवर. 'तुमच्यामुळे आमचं डिस्ट्रिक्ट झालं नाही' असं वर्गात, मधल्या सुट्टीत, बसमध्ये त्यांना ऐकवलं जाईल. ही काळजी मला खरी वाटते. वर्गात एकट्या पडलेल्या मुलाची कल्पना करून निकाल लिहिणारा न्यायाधीश वाईट नसतो.

पण निकाल मला चुकीचा वाटतो, आणि तो त्याच मुलांच्या बाजूने बघितल्यावर. त्रास देणारे रागावतील म्हणून त्यांच्या मागणीतला अर्धा वाटा देऊन टाकायचा, तर त्रास देण्याची ताकद हाच हक्क ठरतो. १९५० च्या दशकात हेच कारण सांगून एकत्रीकरण लांबवलं गेलं होतं: गोरे चिडतील, दंगल होईल, थोडं थांबा. मुलांना संरक्षण हवं असेल तर ते शाळेच्या आत द्यावं लागतं, शिक्षकांकरवी, नियमांनी. हद्द हलवून ते मिळत नाही.

अपील

दोन्ही बाजू अपिलात गेल्या. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी अकराव्या सर्किटच्या, म्हणजे अलाबामा ज्यात येतं त्या विभागाच्या, फेडरल अपील न्यायालयाने एकमताने निर्णय दिला. तो लिहिला न्यायाधीश विल्यम प्रायर यांनी. ते अलाबामाचे माजी महाधिवक्ता, पुराणमतवादी म्हणून ओळखले जाणारे, सर्वोच्च न्यायालयासाठी ट्रम्प यांनी काढलेल्या यादीत नाव असलेले. ही ओळख देतो आहे, कारण असे निकाल न्यायाधीशाच्या राजकारणावर ठरतात असं आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं. इथे तसं झालं नाही.

निर्णय असा: जिल्हा न्यायालयाने काढलेले दोन्ही निष्कर्ष बरोबर आहेत, वर्णाचा हेतूही आणि एकत्रीकरणाला बसणारी खीळही. पण ते निष्कर्ष काढल्यावर अर्धी परवानगी देण्याचा अधिकार न्यायालयाला उरत नाही. परवानगी रद्द. सोबत एक दार उघडं ठेवलं: उद्या गावाने रास्त हेतूने, काउंटीच्या एकत्रीकरणाला बाधा न आणणारा आराखडा आणला, तर न्यायालय त्याला अडवू शकणार नाही.

त्यानंतर लवकरच गार्डनडेलने नाद सोडला. शाळा प्रत्यक्षात हस्तांतरित झाल्याच नव्हत्या; त्या काउंटीकडेच राहिल्या.

वेगळं काय करता आलं असतं

गावाबद्दल वर लिहिलं. आणखी एक गोष्ट राहते. 'स्थानिक ताबा' ही इच्छा मला खोटी वाटत नाही. मोठ्या काउंटीच्या कार्यालयात फोन करून थकलेली आई मला समजू शकते. पण ताबा मिळवायचे इतर मार्ग होते: शाळेला स्वतःची पालक समिती आणि तिला काही अंदाजपत्रकी अधिकार, काउंटी मंडळावर उत्तर भागाला पुरेसं प्रतिनिधित्व, गावाने स्वतःचा जादा कर गावातल्या काउंटी शाळांवरच खर्च करायचा करार. यासाठी हद्द आखावी लागली नसती. हे मार्ग नेटाने चाचपले गेले असते, तर वर्षाला २०० डॉलर जास्त द्यायला तयार असलेल्या लोकांचा तो उत्साह वर्गांत दिसला असता. तो वकिलांत आणि शाळा नसलेल्या कार्यालयात गेला.

काउंटी आणि न्यायालय यांनी काय करायला हवं होतं? हूवर, लीड्स, ट्रसव्हिल यांच्या वेळी प्रत्येक अर्ज सुटा बघितला गेला. आधीच्या फुटींनी मिळून किती फरक पडला याचा एकत्र हिशेब त्याच वेळी मांडला असता, तर गार्डनडेलला 'त्यांना दिलं, मग आम्हाला का नाही?' हा प्रश्न विचारताच आला नसता. तो प्रश्न गावकऱ्यांना मनापासून पडला होता, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर तो अगदीच गैर नव्हता. १९७० मध्ये होमवुडला जे मिळालं, ते आपल्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी का नाही? याचं उत्तर एवढंच की होमवुडच्या वेळी झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही. पण हे उत्तर वेळच्या वेळी आणि सगळ्यांना सारखं दिलं गेलं नव्हतं.

आणि नॉर्थ स्मिथफिल्ड. या सगळ्या कागदपत्रांत ती वस्ती प्रामुख्याने आकडा म्हणून येते: इतकी मुलं, इतक्या बस, आराखड्यात आत की बाहेर. त्या वस्तीतल्या पालकांना न्यायालयात बोलायला मिळालं ते खटला उघडा होता म्हणून, १९६५ साली कोणीतरी सही करायचं धाडस केलं होतं म्हणून.

जिथे असा उघडा खटला नाही, तिथलं चित्र बघायचं तर शेजारच्या टेनेसी राज्यात जावं लागतं. मेम्फिस शहराचं डिस्ट्रिक्ट २०१३ मध्ये भोवतालच्या शेल्बी काउंटीत विलीन झालं. एकाच वर्षात, २०१४ मध्ये, सहा उपनगरं आपापली डिस्ट्रिक्ट घेऊन बाहेर पडली: आर्लिंग्टन, बार्टलेट, कोलियरव्हिल, जर्मनटाउन, लेकलँड आणि मिलिंग्टन. एकत्रीकरणावरची न्यायालयाची देखरेख तिथे आधीच संपलेली होती. एडबिल्ड या संस्थेने २०१९ मध्ये देशभराची मोजदाद केली: २००० पासून १२८ समूहांनी आपल्या डिस्ट्रिक्टमधून फुटण्याचा प्रयत्न केला, त्यांतले ७३ यशस्वी झाले. त्या १२८ मध्ये गार्डनडेल एक.